फातेले: हेडफोनमध्ये न मावणारं तुवालूचं गाणं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांना माझा आवाज नीट ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलतानाचे "म्हणजे" आणि "तर" थोडे गाळलेत. बाकी जवळपास तसंच.

सुरुवात एका प्रश्नाने. तुमच्यापैकी किती जण ट्विचवर गेमिंगचे स्ट्रीम बघता? त्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी "डॉट टीव्ही" येतं. आपल्याला वाटतं टीव्ही म्हणजे टेलिव्हिजन. नाही! आपल्या देशाला जसं "डॉट इन" मिळालंय, तसं "डॉट टीव्ही" मिळालंय तुवालू नावाच्या देशाला. देशाच्या नावात टी आणि व्ही ही अक्षरं आहेत, एवढाच तो योगायोग. पण या योगायोगाचे पैसे झाले. २००० साली तुवालूने हे नाव वापरण्याचे हक्क एका कंपनीला दिले, आणि त्या पैशांच्या जोरावर त्याच वर्षी हा चिमुकला देश संयुक्त राष्ट्रांचा १८९ वा सदस्य झाला. सदस्य व्हायलाही खर्च येतो. कार्यालय ठेवा, माणसं पाठवा, वर्गणी भरा. तो आधी परवडत नव्हता.

म्हणजे तुम्ही कधीतरी तुवालूच्या पत्त्यावर जाऊन आला आहात. आज तिथलं गाणं ऐकू या.

आधी नकाशा. पॅसिफिक महासागरात, ऑस्ट्रेलिया आणि हवाई यांच्या साधारण मध्ये, फिजीच्या उत्तरेला नऊ ठिपके आहेत. सगळी जमीन मिळून २६ चौरस किलोमीटर. बोरिवलीचं नॅशनल पार्कसुद्धा याच्या तिपटीहून मोठं आहे. माणसं सुमारे ११ हजार, त्यातली निम्म्याहून जास्त फुनाफुती या राजधानीच्या बेटावर. "तुवालू" या शब्दाचा अर्थ "एकत्र उभे असलेले आठ". बेटं नऊ, मग आठ का? कारण जुन्या काळापासून वस्ती आठांवरच होती. नववं निउलाकिता, तिथे १९४९ साली दुसऱ्या बेटावरून लोक नेऊन वसवले. ब्रिटिशांच्या काळात या देशाचं नाव एलिस बेटं होतं, आणि शेजारच्या गिल्बर्ट बेटांशी, म्हणजे आजच्या किरिबातीशी, त्याची मोट बांधलेली होती. १९७४ मध्ये सार्वमत घेऊन तुवालूच्या लोकांनी वेगळं व्हायचं ठरवलं. १ ऑक्टोबर १९७८ ला स्वातंत्र्य.

जायचं कसं? आधी फिजी गाठायचं, तिथे सुवाजवळच्या विमानतळावरून पंख्याच्या छोट्या विमानाने फुनाफुती. फुनाफुती विमानतळाचा कोड एफ-यू-एन आहे. फन. बॅगेवरचं ते लेबल मी अजून काढलेलं नाही.

आणि विमानतळ खरोखरच फन आहे. धावपट्टी वस्तीच्या मधोमध आहे. विमान यायच्या आधी भोंगा वाजतो, लोक आणि कुत्री बाजूला होतात, विमान उतरतं, निघून जातं. मग संध्याकाळी त्याच डांबरावर व्हॉलीबॉल, फुटबॉल, रग्बी, स्कूटरवर चक्कर मारणारी जोडपी, चटई टाकून गप्पा मारणाऱ्या बायका. एवढी मोकळी जागा बेटावर दुसरी नाहीच. बेट सगळ्यात रुंद जागीसुद्धा जेमतेम ४०० मीटर. एका हाताला उसळता महासागर, दुसऱ्या हाताला शांत लगून. ही धावपट्टी अमेरिकन सैन्याने दुसऱ्या महायुद्धात बांधली, १९४२ नंतर. भराव घालण्यासाठी त्यांनी बेटावरच खड्डे खणले आणि युद्ध संपल्यावर तसेच सोडून गेले. ते बुजायला २०१५ उजाडावं लागलं.

तिथे जाणाऱ्यासाठी चार गोष्टी पटकन सांगते. "तालोफा" म्हणजे नमस्कार, "फाकाफेताई" म्हणजे आभारी आहे, "तोफा" म्हणजे येते किंवा येतो. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि रोख घेऊनच जा. देशातलं पहिलं एटीएम २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. रविवारी बेट शांत असतं, सगळे चर्चमध्ये. कपडे अंगभर असावेत, पोहतानाही. आणि सभागृहात शिरलात तर चपला बाहेर, मांडी घालून बसायचं, पाय पसरायचे नाहीत. हे शेवटचं आपल्याला कोणी शिकवायला नको.

ते सभागृह महत्त्वाचं आहे. त्याला "फालेकाउपुले" म्हणतात. "मानेआपा" हा शब्दही ऐकू येतो. मोठं छप्पर, बाजू मोकळ्या, खाली चटया. गावाचे निर्णय तिथे, जेवणावळी तिथे, पाहुण्यांचं स्वागत तिथे, आणि फातेलेही तिथेच.

फातेले हा तुवालूचा गाण्या-नाचाचा मुख्य प्रकार. शब्दाचा अर्थ "वाढवणं, अनेकपट करणं". हा अर्थ डोक्यात ठेवा, कारण सगळी गंमत त्यात आहे.

मी पाहिलं ते असं. चटईच्या मध्यावर एक चौकोनी लाकडी खोका. अगदी साधा, प्लायवूडचा वाटावा असा. त्याच्याभोवती पुरुष दाटीवाटीने बसलेले, तळहात खोक्यावर. त्यांच्याभोवती आणखी गाणारे, बायका, म्हातारे, मुलं. समोर ओळीत नाचणाऱ्या, कमरेला केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांचे रंगीत घागरे, डोक्यावर फुलांचे गजरे. गजऱ्याला तिथे "फोऊ" म्हणतात, आणि पाहुण्यालाही घालतात. माझ्या शेजारच्या मावशींनी त्यांचा स्वतःचा उतरवून माझ्या डोक्यावर ठेवला आणि पुन्हा गाण्यात शिरल्या, काही न बोलता.

गाणं लहान असतं. एक कडवं, काही ओळी. पहिल्यांदा ते सावकाश, जवळजवळ बोलल्यासारखं म्हणतात. मग पुन्हा तेच कडवं. या वेळी खोका हळूच वाजू लागतो. मग पुन्हा. आवाज वाढतो, वरचे आणि खालचे स्वर वेगळे होऊन एकमेकांवर चढतात, लय सरकते. पुन्हा. आता टाळ्या. नाचणाऱ्यांचे हात शब्दांचे अर्थ दाखवतायत, वल्हं मारणं, जाळं फेकणं, पण लय इतकी वाढलीय की हात नुसते लखलखतात. पुन्हा. आता खोक्याचा आवाज कानाला कमी आणि मांडीला जास्त कळतोय, कारण जमीनच हलतेय. आणि मग, सगळ्यात वरच्या टोकाला, एकदम थांबतं. खाड्! आपल्या कानाला सवय असते की शेवट येतोय हे आधी कळावं, तिहाई यावी, समेवर उतरावं. इथे तसं काही नाही. धावता धावता कडाच संपते. एक क्षण शांतता, मग हशा, आरडाओरडा.

आणि लगेच दुसरी बाजू सुरू करते.

हो, दोन बाजू. फातेले एकट्या गटाचं नसतं. गाव दोन भागांत वाटलेलं असतं. फुनाफुतीच्या मूळ रहिवाशांत सेनाला आणि अलापी या दोन बाजू आहेत. सभागृहात त्या समोरासमोर बसतात. एकीने गायलं की दुसरीने त्याहून जोरात, त्याहून जोशात गायचं. कोकणातल्या श्रोत्यांना शक्ती-तुऱ्याची आठवण येईल, पण फरक आहे. शक्ती-तुऱ्यात सवाल-जवाब शब्दांचा असतो, शाहिरी बुद्धीचा. इथे शब्द तेच राहतात, स्पर्धा असते ती किती जणांचा मिळून किती मोठा आवाज होतो याची. निकाल कोणी जाहीर करत नाही. सगळ्यांना कळतोच.

हे गाणं अनादिकाळापासून असंच आहे का? नाही, आणि मला हा भाग सगळ्यात रंजक वाटतो. १८६१ साली कुक बेटांमधला एलेकाना नावाचा चर्चचा सेवक होडीतून भरकटला. आठ आठवडे समुद्रात काढून तो तुवालूच्या नुकुलाएलाए बेटाला लागला आणि तिथे त्याने ख्रिस्ती धर्म शिकवायला सुरुवात केली. पुढे लंडन मिशनरी सोसायटीने सामोआचे धर्मोपदेशक पाठवले. जुन्या देवांशी जोडलेले नाच त्यांनी बंद पाडले. "फाकानाऊ" नावाचा जुना प्रकार त्यात मागे पडला. पण त्याच चर्चमधून एक नवी गोष्ट आली, वेगवेगळ्या पट्ट्यांत एकत्र म्हणायची प्रार्थनागीतं. लोकांनी काय केलं, ते स्वर उचलले, जुना ठेका आणि जुने हात त्याला जोडले. आजचं फातेले या मिलाफातून घडलं. म्हणजे "परंपरा" म्हणून आपण जे बघतो ते बंदीतून वाट काढून आलेलं आहे. मला तर यामुळे ते जास्तच आवडतं.

मधे एक काळा भागही आहे, तो गाळणार नाही. १८६३ मध्ये पेरूची जहाजं आली आणि फुनाफुती व नुकुलाएलाएवरून शेकडो माणसांना फसवून मजुरीसाठी घेऊन गेली. नुकुलाएलाएवर तर मूठभर लोक उरले. एवढ्या छोट्या समाजातून इतकी माणसं गेल्यावर मागे राहिलेल्यांनी गायचं तरी कोणाबरोबर, हा प्रश्न या बेटांना नवा नाही.

१९६०-६१ मध्ये गेर्ड कोख हे जर्मन मानववंशशास्त्रज्ञ टेपरेकॉर्डर घेऊन या बेटांवर फिरले. फाकानाऊसारखे जुने प्रकार ज्यांना येत होते असे म्हातारे तेव्हा हयात होते. त्या ध्वनिमुद्रणांवर त्यांनी आणि संगीताचे अभ्यासक डीटर ख्रिस्टेन्सेन यांनी पुस्तक लिहिलं. आज तुवालूच्या लोकांनाही आपल्या पणजोबांच्या काळचं गाणं कसं होतं ते तिथून ऐकता येतं. रेकॉर्डिंगची ताकद मी नाकारत नाही, हे मुद्दाम सांगतेय. पुढे त्यावरच बोलायचंय.

आता तुम्ही म्हणाल, तुवालू म्हटलं की बातम्यांत बुडणारा देश दिसतो, त्याचं काय? त्याकडेच येतेय, पण जेवणाच्या वाटेने.

तिथलं जुनं मुख्य अन्न "पुलाका". आपल्या अळूचा राक्षसी भाऊ समजा. पान माणसाएवढं होऊ शकतं, आणि खायचा तो कंद. प्रवाळाच्या जमिनीत माती नावालाच, म्हणून लोक खोल खड्डे खणतात, थेट जमिनीखालच्या गोड्या पाण्यापर्यंत. पानं कुजवून खत घालतात, आणि आपला पुलाका कसा वाढवायचा याची युक्ती प्रत्येक घराण्यात जपलेली असते. बाजूला नारळ, आणि नारळाच्या पोयीतून काढलेला गोड रस, "कालेवे". ताजा प्यायलात तर आपली नीरा, ठेवलात तर आपली माडी. आटवून काकवीसारखा पाकही करतात.

तर या पुलाकाच्या खड्ड्यांत आता खारं पाणी येतंय. समुद्र बाहेरून भिंत तोडून येतो असं नाही. मोठ्या भरतीला तो सच्छिद्र प्रवाळातून खालून वर झिरपतो. रस्त्याच्या मधोमध, घराच्या मागे, जमिनीतून पाणी उमटतं. देशातली सगळ्यात उंच जागा साडेचार मीटरच्या आसपास. नासाच्या अभ्यासाप्रमाणे तीस वर्षांत इथला समुद्र सुमारे १५ सेंटिमीटर वर आलाय. दुसरी बाजूही सांगते. २०१८ मध्ये ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी जुने हवाई फोटो तपासले, तर १९७१ ते २०१४ दरम्यान देशाचं एकूण क्षेत्रफळ २.९ टक्के वाढलेलं निघालं, कारण लाटा वाळू आणि प्रवाळाचा चुरा किनाऱ्यावर आणून टाकतात. म्हणजे "उद्या बुडणार" हे थंबनेल खोटं आहे. पण जमीन नकाशावर असणं आणि तिच्यात कंद उगवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुनाफुतीत लगूनच्या कडेला भराव टाकून सात हेक्टरांहून जास्त नवी उंच जमीन तयार केलीय, २०२३ मध्ये ती पूर्ण झाली. लोक हात जोडून बसलेले नाहीत.

२०२१ साली तिथले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांचं भाषण तुम्ही कदाचित रीलमध्ये पाहिलं असेल. सूट-टाय, समोर भाषणाचा स्टँड, आणि गुडघ्यापर्यंत समुद्र. पुढच्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की तुवालू जगातलं पहिलं डिजिटल राष्ट्र होणार. बेटांचे थ्रीडी नकाशे, सरकारी कागदपत्रं, भाषा, गोष्टी, गाणी, सगळं क्लाउडवर. २०२३ मध्ये तर राज्यघटनेतच लिहिलं की जमीन राहो न राहो, तुवालू हे राष्ट्र कायम राहील.

कायदा म्हणून हे मला जबरदस्त वाटतं. समुद्रावरचे हक्क, मासेमारीचं उत्पन्न, संयुक्त राष्ट्रांतली जागा, आणि हो, "डॉट टीव्ही"सुद्धा, राष्ट्र टिकलं तर टिकणार.

पण फातेलेचं काय? मी सभागृहात परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग केलं. एपिसोडमध्ये तुम्ही ते ऐकलंतही. खरं सांगा, कसं वाटलं? पहिला मिनिट छान, मग गोंगाट. फोनने सगळा आवाज दाबून सपाट केला, कारण त्याचं कामच ते आहे. मांडीखालची हलणारी जमीन त्यात नाही. समोरची बाजू त्यात नाही. आपण आता आणखी मोठ्याने गाणार आहोत हे तिला दाखवायची खुमखुमी त्यात नाही. फाइल कितीही वेळा कॉपी करा, तिची संख्या वाढेल, पण फातेलेला हवी ती वाढ वेगळी. त्याला सभागृह हवं, खोका हवा, आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंना पुरेशी माणसं हवीत.

आणि माणसंच आता जाऊ लागलीत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलिया आणि तुवालूचा करार झाला, नाव "फालेपिली". या शब्दाचा अर्थ शेजाऱ्याची काळजी आपल्या घरच्यासारखी घेणं. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहता येईल. २०२५ मध्ये पहिली सोडत झाली, तेव्हा कुटुंबीय धरून ८,७५० जणांची नावं आली. देश ११ हजारांचा! नुसता गुणाकार केला तर २८० गुणिले ४० म्हणजे आजची सगळी लोकसंख्या. अर्थात मुलं जन्मतील, काही लोक परततील, करारात परत यायची मुभा आहेच. तरीही दर वर्षी २८० जण कमी, आणि जाणारे बहुतेक तरुण असतील तर खोक्याभोवती कोण बसणार? अलापीची माणसं कमी झाली, तर सेनाला कोणाला हरवणार?

माझं मत विचाराल तर मी निराश नाही, आणि त्याचं कारण ऑकलंड आहे. न्यूझीलंडने २००२ पासून दरवर्षी ठरावीक संख्येने तुवालूच्या लोकांना यायची सोय केली. २०१८ च्या जनगणनेत तिथे साडेचार हजारांहून जास्त तुवालूवंशीय होते. त्यांची चर्च आहेत, चर्चला जोडून हॉल आहेत, हॉलमध्ये लाकडी खोका आहे. तिथे दरवर्षी तुवालू भाषा सप्ताह होतो. मुलं शाळेत इंग्रजी बोलतात आणि संध्याकाळी हॉलमध्ये फातेले शिकतात. न्यूझीलंडमध्येच वाढलेला एक कलाकार तुम्हाला नकळत माहीत आहे: ओपेताया फोआई. वडील तोकेलाऊचे, आई तुवालूची. त्यांचा "ते वाका" हा बँड, आणि २०१६ च्या डिस्नेच्या "मोआना"तल्या गाण्यांमागे तेही होते. आता तो सिनेमा पुन्हा लावलात तर समुद्रावर होड्या निघतात तिथला ठेका लक्ष देऊन ऐका.

पण ऑकलंडमध्ये एक फरक पडतो. बेटावर बाजू जन्माने ठरते. परक्या शहरात ती नव्याने उभी करावी लागते. मग कधी चर्चची मंडळी समोरासमोर बसतात, कधी मूळ बेटांप्रमाणे गट पडतात, नानुमेआचे एकीकडे, वाइतुपुचे दुसरीकडे. ऑकलंडमधले आपले श्रोते, तुम्हाला अशा कार्यक्रमाला जायची संधी मिळाली तर नक्की जा, आणि मला व्हॉइस नोट पाठवा. इंडोनेशियापासून हवाईपर्यंत बेटांवर फिरायचं माझं स्वप्न बाजूला ठेवून मीही आधी तिकडेच जाणार आहे.

तोपर्यंत घरी कसं ऐकायचं ते सांगते. यूट्यूबवर "फातेले" आणि सोबत "तुवालू" असं शोधा. दोन मिनिटांच्या तुकड्यांवर जाऊ नका. दहा मिनिटांच्या पुढचा, कोणीतरी हॉलमध्ये हात वर करून फोनवर शूट केलेला व्हिडिओ निवडा, त्यात दोन्ही बाजू सापडतात. इअरफोन काढा, जो काही स्पीकर असेल तो लावा, जमिनीवर बसा. पहिल्या आवर्तनात लय मोजा, तिसऱ्यात पुन्हा मोजा. खोका कितव्या आवर्तनाला शिरतो ते बघा. आणि घरात आणखी कोणी असेल तर त्यांनाही बोलवा.

पुढच्या एपिसोडमध्ये किरिबातीला जाऊ, तिथे नाचणारे पक्ष्यासारखे हात पसरतात. तोफा!